डोक्यात काय शिजतंय? यंत्राला विचारा... पण जपून!

मीटिंगमध्ये बॉस बोलत असतो, आपण मान डोलावत असतो आणि डोक्यात मात्र वीकेण्डचा प्लॅन शिजत असतो. हे त्याला कळलं तर? घाबरू नका, इतकं हुशार यंत्र अजून आलेलं नाही. पण मेंदूत डोकावणारी यंत्रं आहेत आणि ती नेमकं काय बघतात, हे आपल्याला ठाऊक हवं. २००८ साली पुण्यातल्या एका कोर्टात याच प्रश्नावर एका मुलीचं आयुष्य टांगणीला लागलं होतं.

पेस्ट, वायरी आणि लाटा

सगळ्यात जुनं तंत्र म्हणजे ईईजी. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरनं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. मी हा प्रकार करून घेतलाय. डोक्याला तेल न लावता जायचं, केसांत पेस्ट लावून वायरी चिकटवतात, बस्स. शॉकबिक काही नाही. यंत्र फक्त ऐकतं. ‘ताई, डोळे मिटा,’ टेक्निशियन म्हणाला. मिटले की स्क्रीनवर अल्फा लाटा, सेकंदाला आठ ते तेरा. उघडले की गायब! वेळेचा हिशोब मिलिसेकंदांत, पण जागेच्या बाबतीत गोंधळ. सोसायटीत आरती चालू आहे हे कळतं, बेसूर कोण गातंय ते नाही.

रंगीत फोटोंची जादू

मासिकांत दिसणारे ते लाल-पिवळे मेंदू एफएमआरआयचे. याचा पाया १९९० मध्ये सेईजी ओगावा यांनी घातला. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं. यंत्र ते टिपतं. जागा मिलिमीटरपर्यंत कळते, पण रक्त पोचायला काही सेकंद जातात. आणि रंग? ते कॉम्प्युटर आकडेमोड करून भरतो. २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी चक्क मेलेल्या सामन माशाला माणसांचे फोटो ‘दाखवले’ आणि त्याच्या मेंदूत हालचाल दिसली! हजारो ठिपके एकदम तपासले की काही योगायोगानंच उजळतात. ती दुरुस्ती केली की मासा पुन्हा मेलेलाच.

कोर्टातला मेंदू

आता पुणे. खुनाचा आरोप असलेल्या एमबीएच्या विद्यार्थिनीला २००८ मध्ये जन्मठेप झाली. पुराव्यांत ईईजीवर आधारलेली एक चाचणी होती. तिनं गप्प बसायचं, समोर घटनेबद्दलची वाक्यं वाचली जाणार आणि ‘अनुभवाची आठवण’ यंत्र ओळखणार, असा दावा. पण स्वतः केलेलं आणि महिनोन्‌महिने पोलिसांकडून, वकिलांकडून ऐकलेलं, यातला फरक लाटांवरून खात्रीनं सांगता येतो का? जगभरच्या अनेक शास्त्रज्ञांनी यावर शंका घेतली. पुढे हायकोर्टानं तिला जामीन दिला. मे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, की संमतीशिवाय अशी चाचणी करायची नाही आणि संमतीनं केली तरी तिचा निकाल हा पुरावा नाही.

मला हा निकाल आपल्या सगळ्यांचा वाटतो. फिट्सच्या पेशंटला ईईजी वरदान आहे, ट्यूमरच्या ऑपरेशनआधी एफएमआरआय सर्जनला वाट दाखवतो. तिथे त्यांना सलाम! पण उद्या एखादी कंपनी इंटरव्ह्यूला हेडबँड घेऊन आली, तर सही करण्याआधी एवढंच विचारा: हे यंत्र मोजतं काय आणि त्यातून अंदाज कोण बांधतं?