‘डार्क हॉर्स’ म्हणजे काळा घोडा नव्हे!

मतमोजणीचा दिवस उजाडला की वृत्तवाहिन्यांवर ‘नेक टू नेक’ लढत, ‘फ्रंट रनर’, ‘डार्क हॉर्स’ असे शब्द सतत कानावर पडतात. बोलणाऱ्याने महालक्ष्मीचा रेसकोर्स कधी आतून पाहिलेलाही नसतो, पण हे शब्द घोड्यांच्या शर्यतीतूनच रुळले आहेत. मूळ इंग्रजीत ते ‘नेक अँड नेक’ आहे. दोन घोडे मानेला मान लावून धावत असले की पुढे कोण, हे सांगता येत नाही. ‘नेक टू नेक’ हे आपल्याकडचे रूप.

सर्वाधिक गोंधळ ‘डार्क हॉर्स’चा होतो. काही जण त्याचे सरळ ‘काळा घोडा’ असे भाषांतर करतात. इथे ‘डार्क’ म्हणजे अंधारातला, ज्याची कुवत कुणाला ठाऊक नाही असा. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या बेंजामिन डिझरायलींच्या १८३१ सालच्या ‘द यंग ड्यूक’ या कादंबरीत असाच एक अनोळखी घोडा शर्यत मारतो. राजकारणात या शब्दाचे गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेचे जेम्स पोक. १८४४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बड्या नावांवर एकमत होईना, तेव्हा नवव्या फेरीत पोक यांना उमेदवारी मिळाली आणि ते राष्ट्राध्यक्षही झाले. त्यामुळे सुरुवातीपासून चर्चेत असलेल्या उमेदवाराला ‘डार्क हॉर्स’ म्हणणे चूकच.

‘हँड्स डाऊन’ जिंकणे म्हणजे सहज जिंकणे. घोडा इतका पुढे असतो की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेतो. याउलट ‘डाऊन टू द वायर’. अमेरिकेत अंतिम रेषेवर तार ताणलेली असे, नाक आधी कुणाचे पोहोचले हे पंचांना कळावे म्हणून. तिथपर्यंत निकाल लागत नाही ती लढत ‘डाऊन टू द वायर’.

‘ऑल्सो रॅन’ हा शब्द तर वर्तमानपत्रांचाच. पहिल्या काही क्रमांकांनंतर उरलेल्या घोड्यांची नावे ‘हेही धावले’ या मथळ्याखाली एका ओळीत उरकली जात. आज हरलेल्या उमेदवारांवर हाच शिक्का बसतो.

‘अपसेट’ची कथा मात्र जपून सांगावी. १३ ऑगस्ट १९१९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा येथे ‘मॅन ओ वॉर’ या अजिंक्य घोड्याला ‘अपसेट’ नावाच्या घोड्याने हरवले. धक्कादायक पराभवाला ‘अपसेट’ म्हणण्याची पद्धत त्यावरून पडली, असे सर्रास सांगितले जाते. शर्यत खरी, व्युत्पत्ती खोटी. अनपेक्षित निकालाला ‘अपसेट’ म्हटल्याचे दाखले एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांत सापडतात. म्हणजे घोड्याच्या नावाने जुळून आलेला तो निव्वळ योगायोग. ‘मॅन ओ वॉर’ कारकिर्दीत २१ शर्यती धावला. हरला ती एवढी एकच.