चंद्र नव्हे, उंदीर!

घोड्याचा एक डोळा एकाएकी लाल होतो. पाणी गळते, उजेड सोसत नाही, पापणी मिटलेलीच राहते. काही दिवसांनी डोळा निवळतो, मालक निश्चिंत होतो. आणि पुढे केव्हातरी दुखणे पुन्हा उलटते. असे होता होता डोळ्यातले भिंग पांढुरके पडते आणि घोडा आंधळा होतो. दुखणे येते-जाते, म्हणून युरोपात पूर्वी त्याचा संबंध चंद्राच्या कलांशी जोडला गेला. ‘मून ब्लाइंडनेस’ हे त्याचे इंग्रजी नाव आजही टिकून आहे.

खरा अपराधी हवा असेल, तर रात्री तबेल्यात जाऊन चंदीच्या पोत्यामागे पाहा. तेथे उंदीर दाणे खात बसलेला असतो.

उंदीर घोड्याला चावला असेल, असे तुम्ही म्हणाल. चावण्याची गरजच नाही! उंदीर जेथे खातो तेथेच मुततो. त्याच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा नावाचे जंतू मुक्काम करून असतात. गंमत अशी, की उंदीर स्वतः ठणठणीत असतो. हा जंतू मळसूत्रासारखा पिळदार, टोकाशी वाकडा. १९०७ साली स्टिमसन या संशोधकाला तो प्रश्नचिन्हासारखा दिसला, म्हणून त्याने त्याला ‘इंटरोगन्स’ म्हटले. कोरड्या जागी हा जंतू लवकर मरतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात मात्र कित्येक आठवडे तग धरतो.

दूषित दाणापाण्यातून किंवा कातडीवरच्या ओरखड्यातून तो घोड्याच्या रक्तात शिरतो. थोडा ताप येतो, एखादा दिवस घोडा चंदीला तोंड लावत नाही. बस्स, एवढेच! मोतद्दाराच्या लक्षातही येत नाही. (गाभण घोडी मात्र गाभ टाकू शकते.) डोळा बिघडतो तो पुढे कित्येक महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी. मग उंदराची आठवण कोणाला होणार?

मधल्या काळात काय घडते? जंतू डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात दडून राहतात. त्यांच्याशी लढायला शरीर प्रतिपिंडे तयार करते. पण जंतूची काही प्रथिने आणि डोळ्याच्या भिंगातली व दृष्टिपटलातली प्रथिने यांच्यात साम्य असते. प्रतिपिंडे फसतात आणि शत्रू समजून घरावरच तुटून पडतात. जर्मनीत अशा घोड्यांच्या डोळ्यांतला गर शस्त्रक्रियेने काढतात. त्यात हे जंतू जिवंत सापडले आणि त्यांतले बरेचसे शेतातल्या उंदरांत आढळणाऱ्या वाणाचे निघाले. मात्र सारे खापर उंदरावर फोडू नका. उत्तर अमेरिकेत घोड्यांत आढळणारा वाण मुख्यतः डुकरे, स्कंक, रॅकून यांच्याकडून येतो. आणि या नेत्ररोगाला इतर कारणेही असतात.

उपाय साधे आहेत. चंदी पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी, सांडलेले दाणे रात्रीपूर्वी झाडावेत, पाण्याची डोण रोज घासावी आणि जमीन कोरडी राखावी. आणि हो, तबेल्यात अनवाणी वावरणाऱ्या मोतद्दाराला गमबूट द्यावेत. हा जंतू माणसालाही सोडत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, ती याच जंतूची होती.