रोगराई आणि धान्याची वखार

धान्याच्या पेढीवर उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने साथीच्या रोगांविषयी लिहावे, हे कोणास विचित्र वाटेल. परंतु या रोगांच्या इतिहासाची कित्येक पाने व्यापाऱ्यांच्या वखारींतच लिहिली गेली आहेत. म्हणून हा अल्प प्रयत्न.

चौदाव्या शतकात प्लेग व्यापारी गलबतांतून युरोपच्या बंदरोबंदरी पोहोचला. १३४७ पासूनच्या चार-पाच वर्षांत तेथील निदान एकतृतीयांश प्रजा नाहीशी झाली. मजूर मिळेनात, तेव्हा पश्चिम युरोपात मजुरी वाढली व जमीनदारांचा दरारा ओसरू लागला. १३७७ साली रागुसा बंदराने रोगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांस तीस दिवस दूर ठेवण्याचा नियम केला. पुढे ते चाळीस दिवस झाले आणि 'क्वारंटाइन' हा शब्द त्या चाळीसावरूनच रूढ झाला.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तेथील पहिला प्लेगरोगी ओळखला, तो मांडवी भागात. मांडवी म्हणजे गोदीलगतची, धान्याच्या वखारींची वस्ती. लाखो लोक शहर सोडून गेले. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात सैनिक घरोघरी शिरून झडत्या घेऊ लागले. त्या संतापातून चापेकर बंधूंनी रँडसाहेबावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा मंडळ स्थापन होऊन दाट वस्तीतून रुंद रस्ते निघाले, दादर-माटुंग्यास नव्या वसाहती झाल्या. एका रोगाने राज्यकारभार, लोकमत आणि नगररचना ही तिन्ही पालटली.

१८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले की, हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. जेथे धान्य, तेथे उंदीर! आपण अहिंसाधर्मी, उंदीर मारणे आपणास रुचत नाही. मग त्यांस वखारीत थारा न देणे, हेच आपले कर्तव्य ठरते. माझे तीर्थरूप पोत्यांची थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर लावीत आणि सांडलेला दाणा सायंकाळपूर्वी झाडून घेत. ते याला 'जयणा' म्हणत. त्यातील आरोग्यशास्त्र मला फार उशिरा उमगले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा उपयोगात आला. धान्याची दुकाने उघडी ठेवण्यास मुभा होती. तरी भीतीपोटी मी तीन दिवस पेढीचे दार उघडले नाही. चौथ्या दिवशी आमचा वृद्ध हमाल दूर उभा राहून म्हणाला, "शेठजी, आजाराचं नंतर बघू. घरात ज्वारी संपली." मी खजील झालो. ज्याच्या पाठीवरून चाळीस वर्षे माझा माल गेला, त्याच्या घरी दाणा नव्हता, आणि माझ्याकडे थप्प्या लागलेल्या होत्या! त्याच दिवशी दार उघडले. पुढे नागपूरच्या वाटेने पायी निघालेले मजूर आदिलाबादवरून जाताना पाहिले, तेव्हा त्या शब्दांचा अर्थ अधिकच कळला.

तात्पर्य, साथ येते तेव्हा समाज एकमेकांवर किती अवलंबून आहे, हे उघडे पडते. वखार स्वच्छ ठेवावी, भाव वाजवी ठेवावा आणि अशा वेळी दार उघडे ठेवावे, इतकेच माझ्या व्यापारी बंधूंस सविनय सांगणे आहे.