पोटातला दाह आणि गांजा : बारा चटपटीत गोष्टी

आतड्याला कायमची सूज आली की माणसाचा दिवस संडासाच्या फेऱ्यांभोवती फिरू लागतो. कळा, जुलाब, शौचावाटे रक्त, उतरलेलं वजन आणि प्रत्येक घासाची धास्ती. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस ही या दुखण्याची दोन मोठी नावं. दोन्हींना मिळून आयबीडी म्हणतात. वर्षानुवर्षं गोळ्या, स्टिरॉइड, इंजेक्शनं घेऊन थकलेल्या रुग्णाला कुणीतरी सांगतं, ‘गांजाचं तेल घेऊन बघा.’ त्यात तथ्य किती? प्रयोगशाळा, दवाखाने, जुने ग्रंथ आणि कायद्याची पुस्तकं यांत सांगण्यासारखं पुष्कळ आहे. वाचताना एकच प्रश्न जवळ ठेवा : रुग्णाला बरं वाटलं, की त्याचं आतडं बरं झालं?

१. पाच किलो चरस आणि बसचा प्रवास

गांजात नशा आणणारा घटक नेमका कोणता, हे १९६४ पर्यंत पक्कं ठाऊक नव्हतं. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी पोलिसांकडून जप्तीतला पाच किलो चरस मिळवला आणि तो पिशवीत घेऊन चक्क सार्वजनिक बसने रेहोवोतच्या प्रयोगशाळेत आणला. त्यातूनच त्यांनी आणि येखिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं करून त्याची रचना मांडली. नशा न आणणाऱ्या सीबीडीची रचना मेशुलम यांच्याच गटाने त्याच्या आदल्या वर्षी उलगडली होती. पोटाच्या सगळ्या संशोधनात आज हीच दोन नावं पुन्हा पुन्हा येतात.

२. शरीराचा घरचा माल

१९८८ मध्ये मेंदूत टीएचसीला प्रतिसाद देणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, सापडला. मग प्रश्न आला : गांजाच्या झाडासाठी आपल्या शरीरात खास जागा कशाला असेल? उत्तर १९९२ मध्ये मिळालं. मेशुलम यांच्या जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून असा रेणू हाती लागला, जो शरीर स्वतःच बनवतं आणि जो याच ग्राहीला जाऊन चिकटतो. त्याचं नाव ठेवलं गेलं आनंदामाइड, थेट संस्कृत ‘आनंद’वरून.

३. आतड्यातही ग्राही आहेत

आपल्या अन्नमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. त्यांच्यावर सीबी-१ नावाचे ग्राही असतात. ते जागे झाले की आतड्याची हालचाल मंदावते. सीबी-२ हे दुसरे ग्राही मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतात, आणि सूज पेटवण्याचं काम याच पेशी करतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सीबी-१ नसलेल्या उंदरांच्या आतड्यात रसायनाने सूज आणली, तेव्हा ती साध्या उंदरांपेक्षा जास्त तीव्र झाली. म्हणजे ही यंत्रणा आतड्याचं रक्षण करत असावी. गांजावरच्या आशेचं मूळ इथे आहे.

४. अस्तराची स्वतःची पहारेकरी यंत्रणा

२०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि बाथ विद्यापीठांच्या संशोधकांनी एक सुंदर गोष्ट दाखवली. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला आतड्याचं अस्तर ओलांडून येतात. त्या गरजेपेक्षा जास्त आल्या तर अस्तरच सोलवटतं. त्यांना थोपवण्यासाठी अस्तराच्या पेशी पी-ग्लायकोप्रोटीन नावाच्या पंपातून शरीरानेच बनवलेले कॅनाबिनॉइड, म्हणजे आनंदामाइडच्या जातीचे रेणू, बाहेर सोडतात. हा पंप बिघडला की दाह वाढतो. गांजाने काही रुग्णांना आराम का पडत असावा, याचं एक सबळ स्पष्टीकरण इथे मिळतं. शिवाय धुराशिवाय, नशेशिवाय नवं औषध शोधायची दिशाही दिसते.

५. मिसळणाच्या डब्यातला नातेवाईक

बीटा-कॅरिओफिलीन हा सुगंधी रेणू गांजात असतो. तो मिरीत आणि लवंगेतही असतो. २००८ मध्ये असं दिसलं की तो सीबी-२ या ग्राहीला चिकटतो, सीबी-१ ला नाही. त्यामुळे त्याने नशा येत नाही. पुढे उंदरांच्या सुजलेल्या आतड्यावर त्याचा चांगला परिणामही आढळला. मात्र हे सगळं उंदरांचं. आमटीतली चिमूटभर मिरपूड म्हणजे औषधाचा डोस नव्हे, आणि आतडं पेटलेलं असताना बऱ्याच रुग्णांना तिखट मुळीच सोसत नाही.

६. एका जिवाणूचं कसब

२००७ मध्ये लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलसच्या एका विशिष्ट वाणाने प्रयोगशाळेतल्या आतड्याच्या पेशींवर सीबी-२ ग्राही वाढवले. उंदीर-घुशींच्या जातीच्या प्राण्यांमध्ये पोटाचं दुखणंही कमी झालं. म्हणजे आतड्यातले जिवाणूसुद्धा या यंत्रणेशी बोलतात. हा वाण घरच्या विरजणात असेलच असं नाही, त्यामुळे दह्याच्या वाटीला औषधाचा मान लगेच देता येत नाही. पण जिवाणूंमार्फत दाह आवरण्याचा मार्ग शोधायला हवा, हे या प्रयोगाने पटवलं.

७. जायफळाच्या नावामागे भांग

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत ती व्यवायी द्रव्यांत येते : म्हणजे पचनाची वाट न पाहता आधी सगळ्या अंगभर पसरणारी. ग्रहणी (पचन बिघडवणारा आतड्याचा विकार) आणि अतिसार (जुलाब) यांवर दिलं जाणारं जातीफलादि चूर्ण नावाने जायफळाचं असलं, तरी त्यात भांगेचा वाटा मोठा असतो. पोटासाठी भांग ही कल्पना पाश्चात्त्य दवाखान्यातून आलेली नाही, हे यातून स्पष्ट होतं. मात्र औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना सक्तीची आहे. वैद्यांना विचारल्याशिवाय हे चूर्ण घेऊ नये.

८. कलकत्त्यातले डॉक्टर, मासे आणि गिधाडं

१८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले आयरिश डॉक्टर विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी गांजावर सविस्तर निबंध वाचला. माणसांना देण्याआधी त्यांनी तो मासे, कुत्रे, मांजरं, गिधाडं, कावळे यांना देऊन पाहिला. मांस खाणारे प्राणी लवकर झिंगले. घोडे, हरणं, शेळ्या, गाई यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही, अशी त्यांची नोंद आहे. मग धनुर्वात, संधिवात आणि पटकी, म्हणजे कॉलरा, झालेल्या रुग्णांवर त्यांनी तो वापरला. युरोपच्या औषधपेटीत गांजा पोचला तो मुख्यतः या निबंधामुळे. हेच ओशॉनेसी पुढे भारतात तारयंत्राचं जाळं उभारणारे म्हणूनही ओळखले गेले.

९. एकवीस रुग्णांची गाजलेली चाचणी

२०१३ मध्ये इस्रायलच्या मेइर वैद्यकीय केंद्रातल्या डॉ. तिम्ना नफ्ताली यांनी क्रोन्सच्या २१ रुग्णांवर नीट तुलना करणारी चाचणी केली. नेहमीच्या औषधांनी गुण न आलेले हे रुग्ण. अकरा जणांना टीएचसीयुक्त गांजाच्या सिगारेटी, दहा जणांना टीएचसी काढून टाकलेल्या. मुदत आठ आठवडे. लक्षणांत स्पष्ट उतार पडला तो गांजाच्या गटात ११ पैकी १० जणांना, दुसऱ्या गटात १० पैकी ४ जणांना. भूक वाढली, झोप सुधारली. पण आजार पूर्ण शमला तो अनुक्रमे ५ आणि १ जणांचा, आणि इतक्या छोट्या गटात हा फरक योगायोगानेही पडू शकतो. रक्तातला सुजेचा निर्देशक सीआरपी तर जागचा हललाच नाही.

१०. तेल घेतलं, मग कोलनोस्कोपी केली

त्याच गटाने पुढे क्रोन्सच्या ५६ रुग्णांना आठ आठवडे तेल दिलं. साधारण निम्म्यांच्या तेलात भरपूर सीबीडी आणि थोडं टीएचसी, बाकीच्यांच्या तेलात काहीच नाही. औषधी तेल घेणाऱ्यांची लक्षणं कमी झाली, जगणं सुसह्य झालं. पण दुर्बिणीतून पाहिलेल्या आतड्यात आणि सुजेच्या तपासण्यांत लक्षणीय फरक पडला नाही. कोलायटिसच्या ६० रुग्णांवरच्या २०१८ च्या एका चाचणीत सीबीडीयुक्त अर्क घेणाऱ्या २८ टक्के रुग्णांचा आजार शमला, आणि नुसती नकली गोळी घेणाऱ्या २६ टक्क्यांचाही शमला. त्याच वर्षी, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने क्रोन्सच्या तीन चाचण्यांचा, ९३ रुग्णांचा, आढावा घेतला आणि परिणामाबद्दल ठाम काही सांगता येत नाही असा निष्कर्ष काढला.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बरं वाटतं, हे खरं. आतडं बरं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. आणि आयबीडीत हा फरक जिवाशी येतो : कळ थांबली म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो आणि आत सूज आपलं काम करतच राहते. आतडं अरुंद होतं, आतड्यातून भलतीकडे वाटा, म्हणजे फिश्चुला, फुटतात, शस्त्रक्रियेची वेळ येते. कॅनडातल्या ३१३ आयबीडी रुग्णांच्या २०१४ च्या पाहणीत, सहा महिन्यांहून जास्त गांजा घेणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांत शस्त्रक्रियेचं प्रमाण जास्त दिसलं. आधीच आजार तीव्र असलेले लोक गांजाकडे वळले असतील, हीही शक्यता आहे. पण इशारा गंभीर आहे.

११. ओकारी थांबवणारा आणि ओकारी लावणारा

१९८५ मध्ये अमेरिकेत ड्रोनाबिनॉल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, केमोथेरपीनंतरच्या मळमळीसाठी मंजूर झालं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या डॉक्टरांनी अगदी उलटं चित्र मांडलं : वर्षानुवर्षं भरपूर गांजा ओढणाऱ्या काही लोकांना थांबता न थांबणाऱ्या उलट्या होतात. त्यांची ओळखीची खूण म्हणजे कढत पाण्याची अंघोळ. तिनेच थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून हे लोक तासन्‌तास न्हाणीघरात बसतात. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम पोटावर चोळूनही काहींना आराम पडतो. कायमचा इलाज एकच, गांजा पूर्ण सोडणं.

१२. जठराची सूज वेगळी, तिचा इलाज वेगळा

‘पोटात सूज’ म्हणजे दर वेळी आयबीडी नव्हे. जठराच्या अस्तराची सूज म्हणजे गॅस्ट्रायटिस. तिचं एक मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. हे पटवण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचा पेला स्वतः पिऊन टाकला आणि गॅस्ट्रायटिस ओढवून घेतला. २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. वेदनाशामक गोळ्यांनी होणारे जठराचे व्रण टीएचसीमुळे कमी होतात, असं उंदरांत दिसलं आहे. माणसाच्या गॅस्ट्रायटिससाठी मात्र जिवाणू मारणाऱ्या औषधांचा कोर्स आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या हा पारखलेला मार्ग हाताशी असताना गांजाकडे जाण्याचं कारण नाही.

कायद्याचं काय?

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने परवान्याविना गांजा आणि चरस पिकवणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. फुलोऱ्याच्या शेंड्यांविना नुसती पानं या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून पानांपासून होणाऱ्या भांगेचं नियमन राज्यांकडे राहिलं, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा तिच्यावर अंमल आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून काढलं. भारताने बाजूने मत दिलं. वैद्यकीय संशोधनाची वाट त्यामुळे थोडी सोपी झाली, घरगुती प्रयोगांची नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी एवढं नक्की करावं. चालू औषध मनाने बंद करू नये. तंबाखूत मिसळून गांजा ओढणं तर नकोच, कारण धूम्रपानाने क्रोन्स बळावतो. कुणी तेल घेतच असेल, तर पोटाच्या डॉक्टरांना न लपवता सांगावं. मोठ्या डोसातलं सीबीडी यकृतावर ताण आणू शकतं आणि इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतं. आणि ‘बरं वाटतंय’ असं वाटलं, तरी सीआरपी, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (हाही सुजेचा निर्देशक) आणि गरजेप्रमाणे कोलनोस्कोपी करून घ्यावी. भारतातल्या वैज्ञानिकांनी आणि डॉक्टरांनी याच मोजमापांवर मोठ्या, काटेकोर चाचण्या हाती घ्याव्यात. वेदनेने थकलेल्या रुग्णाला आराम मिळायलाच हवा, आणि त्या आरामाखाली सूजही खरोखर उतरते आहे, याची खात्री मिळणं हा त्याचा हक्क आहे.