घटावरचा नारळ आणि घरातील हवा

नवरात्र आले की घरोघरी घट बसतात, अखंड दीप तेवू लागतो आणि सायंकाळी धूप-कापराचा सुगंध दरवळतो. जुन्या वाड्यांत या धुराला वाट होती. माजघरातून तो अंगणात आणि अंगणातून आकाशात जाई. आजच्या सदनिकेत खिडक्या बंद असतात आणि धुराच्या जोडीला सणापूर्वी दिलेल्या रंगाचा व नव्या कपाटाचा दर्पही कोंडून राहतो.

गतवर्षी नवरात्रात कीर्तनानिमित्त एका यजमानांकडे उतरलो होतो. त्यांच्या नातवाला दम्याचा विकार. त्याच्यासाठी हवा शुद्ध करणारे यंत्र आणले होते. ते अहोरात्र चाले, तरी दर्प हटेना आणि बाळाची धाप थांबेना. यजमान म्हणाले, "बुवा, यंत्र तर उत्तम प्रतीचे, मग वास का जात नाही?" शेजारच्या एका अभियंत्याने मागचे झाकण उघडले, तेव्हा उलगडा झाला. आत केवळ घड्या घातलेल्या कागदाची गाळणी होती.

आपल्या वैशेषिक दर्शनाने वायूला स्वतःचा गंध मानलेला नाही. गंध हा पृथ्वीचा गुण, तिचे सूक्ष्म अंश वाऱ्याबरोबर येतात म्हणून वास येतो. आधुनिक शास्त्रही सांगते की, वास म्हणजे हवेत मिसळलेले पदार्थांचे रेणू. उत्तम कागदी गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९.९७ इतके अडवते. धूळ आणि धुराचे कण तीत अडकतात. परंतु वायूचा रेणू त्याहून शेकडो पटींनी लहान. तो आरपार निघून जातो.

त्याला धरण्यासाठी कोळसा लागतो, आणि त्यासाठी उत्तम मानला जातो तो नारळाच्या करवंटीचा. घटावर ज्याची स्थापना करतो, त्याच श्रीफळाची ही करवंटी! तिच्या कोळशावर ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णतेत वाफ सोडली की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एक ग्रॅम कोळशाचा आतील पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो. त्यावर वायूचे रेणू चिकटून बसतात. यास अधिशोषण म्हणतात. 'अधि' म्हणजे वर. पाणी मातीत जिरते तसे हे नव्हे, येथे रेणू पृष्ठभागावर आसन घेतात. १८५४ साली जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाने कोळशाचा मुखवटा सिद्ध केला तो याच गुणावर.

मात्र आसने मोजकीच. ती भरली की कोळसा निकामी होतो. उष्णता वाढली तर धरलेले वायू पुन्हा सोडूही लागतो. म्हणून तो वेळेवर बदलावा, आणि घेताना त्यात कोळशाचे दाणे वजनाने किती आहेत हे विचारावे. नुसती काळी जाळी फार दिवस पुरत नाही. प्लायवुडमधून निघणारा फॉर्माल्डिहाइड साध्या कोळशाला नीट धरवत नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले ॲल्युमिनाचे दाणे वापरतात. आणि धुपाटण्यातील निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड? त्याला वास नाही, तो प्राणघातक आहे आणि या कोळशाने तो अडत नाही. त्यावर उघड्या खिडकीवाचून उपाय नाही.

यजमानांनी यंत्रात कोळशाची पेटी बसवली. पण त्याआधी आजींनी धुपाटणे उचलून सज्जात ठेवले आणि खिडक्या उघडल्या. वैद्यांचे औषध चालूच होते. अष्टमीच्या रात्री बाळ शांत झोपले होते.

धूप देवीपुढे अवश्य दाखवावा. पण घरातील लेकराचा श्वास हीदेखील तिचीच ठेव आहे, हे ध्यानी असावे. धूप पेटवण्यापूर्वी खिडकी उघडावी. पूजेत त्याने काही उणे पडत नाही.