पेलेल तेवढीच गाडी

मोटारसायकलचे वजन ती धावत असताना जाणवत नाही. ते जाणवते ती थांबताना. महामार्गावर अडीचशे किलोंची गाडी भारच नसल्यासारखी पळते, कारण वेग आला की ती आपला तोल बव्हंशी आपणच सांभाळते. तीच गाडी पेट्रोलपंपाच्या उतारावर, ढाब्यासमोरच्या खडीत किंवा देवळाबाहेरच्या वाळूत उभी करण्याची वेळ आली की ते काम चालवणाऱ्याच्या मांड्या, कंबर आणि खांदे यांच्याकडे येते. पंचविशीत हे काम आपण केले, हे लक्षातही येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी ते लक्षात येऊ लागते.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पन्नाशीच्या पुढचे, दूरवर फिरणारे दुचाकीस्वार बरेच दिसू लागले आहेत. मुले मार्गी लागलेली असतात, घराचे कर्ज फिटलेले असते आणि तरुणपणी परवडली नाही ती मोठी गाडी आता दारात उभी राहते. पतीपत्नी डबलसीट कोकणात उतरतात, कोणी थेट लेहपर्यंत जातात. मोकळी हवा, नवा मुलूख आणि दोघांनी मिळून आखलेला प्रवास यांचे मनाच्या आरोग्याला मिळणारे बळ थोडे नाही. म्हणूनच एखादा लहानसा अपघात झाल्यावर घरातून ‘आता गाडी बंद’ असा हुकूम सुटतो, तेव्हा तो पूर्ण शहाणपणाचा असतो असे म्हणवत नाही. गाडी चालवणे आणि ही विशिष्ट गाडी चालवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आधी वजनांचा हिशेब पाहू. दूरच्या प्रवासासाठी लोकप्रिय असलेली रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० ही गाडी इंधनासह २४१ किलोंची आहे. होंडाची गोल्डविंग तर साडेतीनशे किलोंच्याही पुढे जाते. ती पायांनी मागे ढकलणे इतके अवघड की १९८८ सालच्या आवृत्तीपासून तिला मागे घेण्याची यांत्रिक सोयच देण्यात आली. याउलट हिरो एक्सपल्स २०० ४व्ही सुमारे १५८ किलोंची आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोंची आहे. या दोन्ही ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणवल्या जाणाऱ्या, म्हणजे खराब रस्त्यांनाही तोंड देणाऱ्या उंच बांध्याच्या गाड्या. मात्र नावावर भुलू नये. हिमालयन ४५० ही १९६ किलोंची, म्हणजे क्लासिक ३५० एवढीच जड आहे आणि बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस तर त्याच ‘अ‍ॅडव्हेंचर’ वर्गातली असूनही सुपर मीटिऑरपेक्षा जड भरते. गाडी बदलायची ती वजनासाठी असेल, तर आकडा वाचूनच बदलावी.

हा फरक शरीराला कसा जाणवतो, याचे गणित सोपे आहे. उभी गाडी सरळ असते तेव्हा तिचा सारा भार जमिनीवर जातो आणि आपल्याला जवळजवळ काहीच पेलावे लागत नाही. ती कलली की भार हातात येऊ लागतो. ढोबळ हिशेबाने, गाडी ३० अंश कलली तर हँडल धरून तिला रोखण्यासाठी तिच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा जोर लागतो. म्हणजे २४१ किलोंच्या गाडीसाठी ६० किलो, तर १५८ किलोंच्या गाडीसाठी ४० किलो. चाळीस किलोंचा भार क्षणभर तोलून धरणे सुदृढ माणसाला जमू शकते. साठ किलोंचा बहुधा जमत नाही. त्यावर दोन्ही बाजूंच्या बॅगा वीस किलो आणि मागे बसलेली व्यक्ती साठ किलो. हा सारा भार आसनाच्या उंचीवर असल्याने तोल अधिकच लवकर जातो.

स्नायूंचे वय

तिशी-चाळिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वैद्यकशास्त्रात या झिजेच्या पुढच्या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात. दुचाकीस्वाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्नायूंच्या एकूण ताकदीआधी त्यांची चपळाई घटते. वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयाबरोबर अधिक झिजतात. त्यामुळे साठीतला माणूस सिमेंटची गोणी सावकाश उचलू शकतो, पण कलणाऱ्या गाडीला निमिषार्धात पाय रोवून आधार देणे त्याला साधत नाही. ताकद असते, ती वेळेवर पोहोचत नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बसल्याचे उभे राहताना येणारी भोवळ किंवा मधुमेहामुळे तळपायाची कमी झालेली संवेदना यांची भर पडली, तर पायाखाली खडी आहे की पक्की जमीन, हेही उशिरा कळते.

साताऱ्याच्या एका परिचित दांपत्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. पतीचे वय ५८, पत्नीचे ५५. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना चहासाठी थांबले. गाडी साडेसहाशे सीसीची, मागे भरलेल्या बॅगा. ती डाव्या बाजूने उतरू लागली आणि त्याच क्षणी त्याचा उजवा पाय सैल खडीवरून सरकला. गाडी उजवीकडे आडवी झाली. वेग शून्य होता. त्याचा घोटा गाडीखाली सापडून हाड मोडले आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. तिने जमिनीवर टेकलेला हात मनगटापाशी सुजला. हाडांची घनता तपासली तेव्हा तिची हाडे अपेक्षेपेक्षा विरळ झाल्याचे निदान झाले. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची झीज झपाट्याने होते, हे आता बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहे; पण मागच्या आसनावर बसणाऱ्या गृहिणीच्या संदर्भात त्याचा विचार क्वचितच केला जातो.

पुण्याहून आलेल्या मुलाने सांगून टाकले, “बाबा, आता पुरे.” वडील गप्पच होते. आई म्हणाली, “गाडीच नको असं म्हणू नकोस. ही गाडी नको, एवढंच.”

थांबलेल्या गाडीवरून पडण्याच्या दुखापती साधारण अशाच असतात: घोटा, मनगट, खांदा, शिवाय तापलेल्या सायलेन्सरचा चटका. जिवावरच्या नव्हेत, पण उतारवयात एक मोडलेला घोटा माणसाला महिनोन्‌महिने घरात बसवतो आणि त्या बसण्याने स्नायू आणखी झिजतात. हलकी गाडी घेण्यामागचे खरे वैद्यकीय कारण हे आहे.

हलकी, पण उंच

आता दुसरी बाजू. हलक्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या वजन कमी करतात आणि उंची वाढवतात. सुपर मीटिऑरचे आसन जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर आहे. व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे ८३५ वर. जवळजवळ दहा सेंटिमीटरचा हा फरक पाच फूट पाच इंचांच्या माणसाला फार मोठा आहे. बुटक्या गाडीवर दोन्ही टाचा टेकत होत्या, येथे चवडेच टेकतात. गाडी हलकी असूनही पाय पुरेसा टेकला नाही तर तोल जाणारच. ज्यांचे खुबे आखडले आहेत किंवा गुडघ्यांची झीज झाली आहे, त्यांना एवढ्या उंचीवरून पाय पलीकडे टाकणेही जड जाते. खुब्याची अथवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर गाडी निवडण्याआधी आपल्या शल्यचिकित्सकाला विचारणे आवश्यक आहे. पाय किती वाकवावा व कसा वळवावा यावर त्यांचे निर्बंध असू शकतात.

कंबरेच्या बाबतीत मात्र पारडे बहुधा नव्या गाडीकडे झुकते. क्रूझर पद्धतीच्या गाडीवर पाय पुढे ताणलेले असतात, त्यामुळे ओटीपोटाचा सांगाडा मागे कलतो, कंबरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका माकडहाडातून थेट मणक्यांत जातो. अ‍ॅडव्हेंचर गाडीवर पाठ ताठ व पाय बरोबर खाली असतात. खड्डा दिसताच फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठता येते आणि दणका गुडघे व मांड्या झेलतात. तिची सस्पेन्शन अधिक खोलवर दबते, हा आणखी एक लाभ. आपल्या राज्यमार्गांची पावसाळ्यानंतरची अवस्था पाहता ही सोय चैनीची मानता येणार नाही.

गैरसोयीही आहेत आणि विक्रेते त्या सांगत नाहीत. आसन अरुंद व कठीण असते. मागे बसणारीला पूर्वीची ऐसपैस गादी मिळत नाही. वारा थेट छातीवर येतो आणि दिवसाअखेर मान भरून येते. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर दोन सिलिंडरच्या इंजिनापेक्षा अधिक असते, त्यामुळे लांब पल्ल्यात बोटे बधिर होऊ शकतात. दोनशे-अडीचशे सीसीची गाडी दोघांना घेऊन ताशी सत्तर-ऐंशीला सुखाने जाते, त्यापुढे ती कुरकुरते. अर्थात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकींना मज्जावच आहे आणि घाटात ऐंशीचा वेग कोणाला हवा आहे? दिवसाचा टप्पा साडेतीनशे किलोमीटरांवरून दोनशेवर आणावा लागतो, इतकेच. दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, पाणी प्यावे. लांबलेल्या बैठकीने पोटऱ्यांतील रक्ताभिसरण मंदावते, ते पुन्हा सुरळीत होते.

गाडी निवडताना शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून पाहणे पुरेसे नाही. प्रवासात घालणार तेच बूट घालून जावे. जोडीदाराला बरोबर न्यावे आणि मागे बसवून पाहावे; मागचा फूटरेस्ट उंच असतो, त्यावर पाय ठेवताना तिचा गुडघा कुरकुरतो का, हे तिलाच विचारावे. बाहेरच्या उतारावर गाडी हाताने पुढे-मागे ढकलून पाहावी. काही गाड्यांना बुटके आसन बसवून मिळते. साताऱ्याच्या गृहस्थांनी तेच केले. शिवाय एकाच पायावर थांबण्याची सवय लावून घेतली. थांबताना आसनावर थोडे डावीकडे सरकायचे, डावा तळवा पूर्ण टेकवायचा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा. उंच गाडीवर दोन्ही पायांचे चवडे टेकवण्यापेक्षा एका पायाचा तळवा टेकवणे अधिक भरवशाचे ठरते.

नव्या गाडीआधी स्वतःच्या पायांचीही परीक्षा घ्यावी. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते मोजावे. ६० ते ६४ या वयात पुरुषाला १४ वेळांपेक्षा आणि स्त्रीला १२ वेळांपेक्षा कमी जमले, तर पायांतील ताकद सरासरीहून कमी मानली जाते. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का, हेही पाहावे. न जमल्यास निराश होण्याचे कारण नाही. खुर्चीवरून उठबस, जिन्याची पायरी चढउतार, चवड्यांवर उठणे, असे व्यायाम आठवड्यातून तीनदा केल्यास काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो. सत्तरीतील स्नायूही व्यायामाला प्रतिसाद देतात. जोडीला आहारात डाळी, दूध, अंडी अशी प्रथिने पुरेशी हवीत. कंबरेचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

आणि गाडी पडलीच तर? आधी इंजिन बंद करावे, पेट्रोल सांडते आहे का ते पाहावे, शक्य असल्यास गिअर टाकावा म्हणजे ती घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवावा. मग गाडीकडे पाठ करून, नितंब आसनाला टेकवून, गुडघे वाकवून बसावे. एका हाताने हँडलचे टोक व दुसऱ्याने मागची कडी धरावी आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने, लहान पावले मागे टाकीत उठावे. पुढे वाकून ओढू नये. कंबरेची चकती सरकण्याचा धोका असतो. खरे तर आपल्या रस्त्यांवर मदतीला कोणी ना कोणी येतेच. दोन मिनिटे थांबून ट्रकवाल्याला हात करण्यात कमीपणा नाही, पण पुरुषमंडळींना हे पटायला एखादी चकती सरकावी लागते.

पहिला महिना सामान व जोडीदार यांच्याविना, रिकाम्या मैदानावर सराव करावा: संथ वळणे, चढावर थांबून निघणे, खडीत ब्रेक लावणे. त्यानंतर दोघांनी चढण्या-उतरण्याचा क्रम ठरवून घ्यावा. साताऱ्याच्या दांपत्याचा क्रम असा आहे: गाडी थांबते, तो डावा पाय रोवतो, ब्रेक धरतो आणि “हं” म्हणतो, तोवर ती हलत नाही. चढताना ती शक्यतो पदपथाच्या किंवा एखाद्या पायरीच्या उंचीचा आधार घेते, म्हणजे गुडघ्याला कमी ताण पडतो. जमीन खडीची दिसली तर ती चार पावले अलीकडेच उतरते आणि तो गाडी एकटा पुढे नेऊन लावतो.