कोरी बॅट

खेळून कमावणाऱ्या : लेखांक 9

उदगीरजवळच्या एका गावातून फोन आला. "सर, लेक नववीला हाय. टेनिस बॉलवर पोरांच्या बरोबरीनं खेळती. आता लेदरवर खेळायचं म्हणायलीय. तुम्ही मागच्या खेपेला लिहिलं, त्या गोल्फवाल्या बायांना कंपन्या सामान देत होत्या म्हणून. मग आमच्या पोरीला बॅट कोण देईल?"

आज महिला प्रीमियर लीगमधल्या बंगळुरूच्या संघाच्या पहिल्या मोसमातल्या सलग पाच पराभवांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि पहिल्याच मोसमात तो सगळ्या देशासमोर, कॅमेऱ्यासमोर, एका बॅटवर लिहिलेला दिसला होता.

आधी फोनवाल्या काकांचं काम. टेनिस बॉलची बॅट लेदरला चालत नाही. ती हलकी असते, लाकूड मऊ असतं, कडक शिवणीचा चेंडू दोन-चार वेळा कडेला बसला की चिरते. लेदरसाठी विलोच्या लाकडाचीच घ्यावी लागते. काश्मिरी विलोची बरी बॅट दोन-चार हजारांत मिळते, नव्या मुलीला ती पुरते. इंग्लिश विलोची चांगली बॅट दहा हजारांच्या खाली क्वचितच मिळते आणि वरची किंमत कुठवर जाईल याला धरबंद नाही. घेताना मुलीला दुकानात सोबत न्या आणि तिला वरच्या एका हातानं बॅट उचलायला लावा. मनगट डगमगलं तर ती बॅट जड आहे, दुकानदार काहीही सांगो. घरी आणल्यावर कच्चं जवसाचं तेल कापडाच्या बोळ्यानं पुढच्या बाजूला, कडांना आणि खाली टोकाला हलकं पुसायचं. जवस आपल्याच रानातलं, तेल घाण्यावर मिळतं, पण उकळलेलं नको. आडवी ठेवून वाळवायची, पुन्हा एकदा पुसायचं. मग लाकडी हातोडीनं काही तास ठोकायची, आधी हळू, मग जोरात. कडांवर थोडं तिरकं ठोकायचं, कारण बॅट फुटते ती तिथंच. हे न करता मुलगी थेट नेटमध्ये गेली तर महिन्याभरात दुसरी बॅट घ्यावी लागेल.

आता 'कोण देईल' याकडे येतो.

5 मार्च 2023. महिला प्रीमियर लीग सुरू होऊन एकच दिवस झालेला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर गुजरातनं 169 धावा केल्या होत्या आणि यूपी वॉरियर्सचे गडी पटापट पडत होते. गुजरातची किम गार्थ एकामागून एक बळी घेत होती. अशा पडझडीत एक मुलगी टिकून होती. कॅमेरा तिच्या बॅटवर गेला. बाकीच्यांच्या बॅटांवर रंगीत, चकचकीत स्टिकर; हिची बॅट कोरी. त्या कोऱ्या लाकडावर पेननं लिहिलेलं होतं, 'एमएसडी 07'. ती किरण नवगिरे, सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची, शेतकऱ्याची मुलगी. त्या दिवशी तिनं 43 चेंडूंत 53 केल्या, शेवटी ग्रेस हॅरिसनं 26 चेंडूंत नाबाद 59 ठोकून एक चेंडू राखून सामना काढला. दुसऱ्या दिवशी चर्चा मात्र बॅटवरच्या अक्षरांची. धोनीची भक्त म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, ते रास्तच आहे. पण बॅट कोरी का होती, हे फार थोड्यांनी विचारलं. तिला बॅटसाठी प्रायोजक नव्हता.

लक्षात घ्या, ही काही अनोळखी खेळाडू नव्हती. भालाफेक आणि धावण्यातून ती क्रिकेटकडे आली. 2022 च्या एप्रिलमध्ये नागालँडकडून खेळताना तिनं अरुणाचलविरुद्ध 76 चेंडूंत 162 धावा केल्या. टी-20 मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी पहिली भारतीय, पुरुषांतही आणि बायकांतही. त्याच वर्षी पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर 25 चेंडूंत अर्धशतक, सप्टेंबरात भारताची टोपी. म्हणजे लीगचा लिलाव झाला तेव्हा ती आंतरराष्ट्रीय खेळाडू होती, यूपीनं तिला 30 लाखांना घेतलं होतं, आणि तरीही देशातल्या एकाही बॅटवाल्याला आपलं नाव तिच्या लाकडावर चिकटवावंसं वाटलं नव्हतं.

तिनं ज्याचं नाव लिहिलं त्याचीही गोष्ट बॅटचीच आहे. रांचीच्या धोनीला सुरुवातीच्या काळात मित्र परमजीत सिंग यांच्या खटपटीनं जालंधरच्या 'बीट ऑल स्पोर्ट्स' या कंपनीनं सामान दिलं होतं. पुढं मोठमोठे करार झाले. पण 2019 च्या विश्वचषकात हा माणूस वेगवेगळ्या कंपन्यांचे स्टिकर आलटून पालटून लावून खेळला, त्यात बीट ऑल स्पोर्ट्सही होती. पडत्या काळात साथ दिलेल्यांचे आभार, पैसे न घेता. एका मित्रानं वेळेवर शब्द टाकला नसता तर रांचीचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. माळशिरसला असा शब्द टाकणारं कोणी नव्हतं.

किरणकडे निदान स्वतःची बॅट होती. तिच्या आधीच्या पिढीकडे तीही नव्हती. 1973 मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. या संघटनेचं सचिवपद पुढं सांभाळलेल्या नूतन गावसकर (सुनील गावसकरांच्या बहीण) यांनी त्या दिवसांची एक आठवण सांगितली आहे. संघात बॅटा तीन. दोन सलामीला जाणाऱ्यांकडे, तिसरी तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाकडे. सलामीची एक बाद झाली की चौथी तिच्याच हातातली बॅट घेऊन आत जायची. पॅडचंही तसंच. आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करून आलेल्या या मुली बाद होऊन परतणाऱ्या मैत्रिणीकडून सामान उतरवून घेत आणि तेच बांधून उभ्या राहत. चौथ्या क्रमांकाच्या मुलीनं हाताला न बसलेल्या, दुसरीच्या वजनाच्या बॅटीनं काढलेल्या धावा धावफलकावर इतरांसारख्याच दिसतात. मला त्या धावा जास्त वजनदार वाटतात.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण तिकडं हे नेमकं उलट्या क्रमानं घडलं. बायकांच्या गोल्फमध्ये स्पर्धांच्या आधी सामानवाले आले. विल्सन कंपनीनं हेलन हिक्सला 1934 मध्येच करारावर घेतलं, तेव्हा बायकांसाठी दौरा नावाची गोष्टच नव्हती. 1940 मध्ये पॅटी बर्गला घेतलं. तिचं काम गावोगाव जाऊन फटके मारून दाखवायचे, बायकांना शिकवायचं, आणि तिच्या नावाचे क्लब दुकानात विकले जायचे. मॅरिलिन स्मिथला 1949 मध्ये स्पॉल्डिंगनं वर्षाला 5,000 डॉलर आणि वर एक हिरवी डॉज मोटार दिली. 1950 मध्ये तेरा जणींनी आपली संघटना उभी केली, तेव्हा कारभार बघणाऱ्या फ्रेड कॉर्कोरनचा पगारही विल्सननंच उचलला होता.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. 1950 च्या मोसमात सगळ्या स्पर्धांची बक्षिसं मिळून 50 हजार डॉलरच्या आसपास होती. त्यातले 14,800 एकट्या बेब झहारियासनं नेले. उरलेल्या रकमेत बाकीच्या सगळ्या. त्या वर्षीची अमेरिकन ओपन विचिटाला झाली, बेबनंच जिंकली, आणि विजेतीला मिळाले 1,250 डॉलर. म्हणजे स्पॉल्डिंगचा वर्षाचा करार हा देशाचं अजिंक्यपद चार वेळा जिंकण्याइतका! बक्षिसांवर त्यांचं घर चाललं नसतं. सामानवाल्याच्या पगारावर चाललं, आणि म्हणून दौरा पहिल्या वर्षी मोडून पडला नाही. शिवाय वेदरव्हेन नावाचे बायकांचे सूट बनवणाऱ्या ॲल्विन हँडमाकरनं देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार स्पर्धांची मालिका ठेवली. सूट विकत घेणारी बाई गोल्फ बघायला येईल, गोल्फ बघणारी सूट घेईल, असा सरळ हिशोब होता. मला हा हिशोब आवडतो. बाईकडे गिऱ्हाईक म्हणून बघणाऱ्यानं तिच्या खेळावर पैसे लावले.

आपल्याकडे बॅटवरचं मोठं नाव बहुधा बॅटवाल्याचं नसतंच. सचिनच्या बॅटवर टायरवाले, कोहलीच्या बॅटवर टायरवाले. 2018 मध्ये हरमनप्रीत कौरशी बॅटसाठी करार केला, तोही टायरच्याच सिएट कंपनीनं. त्या कंपनीचं कौतुक करायला हवं, पण टायरवाल्याला आधीच प्रसिद्ध झालेला चेहरा लागतो. प्रसिद्धीच्या आधी खेळाडू हेरायची नजर सामानवाल्याकडे असायला हवी, कारण लाकूड कोणाच्या हातात कसं वाजतं हे त्याला कळतं. मेरठ आणि जालंधरच्या बॅटवाल्यांनी पोरांच्या बाबतीत ही नजर पिढ्यान्पिढ्या दाखवली. मुलगीसुद्धा बॅट विकत घेईल, हे त्यांच्या हिशोबात फार उशिरा आलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लीगनं हे सगळं एका फटक्यात उलटं केलं. पहिल्या लिलावात 87 जणींवर 59 कोटी 50 लाख खर्च झाले. सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाख. वर्तमानपत्रांनी हाच आकडा छापला. मी मात्र त्या यादीच्या तळाकडे बघत होतो. भारताकडून न खेळलेल्या मुलींची मूळ किंमत 10 आणि 20 लाख होती. 10 लाखांत घर सुधारतं, कर्ज फिटतं, आणि इंग्लिश विलोच्या चार बॅटा येतात. पण त्या यादीपर्यंत पोचायला मुलीला आधी पाच-सात वर्षं लेदरवर खेळावं लागतं, आणि त्या वर्षांची बॅट लीग देत नाही. ती बाप देतो, भाऊ देतो.

स्मृतीची गोष्ट सांगतोच. तिचा भाऊ श्रवण राहुल द्रविडला भेटला आणि बहिणीसाठी सहीची बॅट मागून आणली. ती कपाटात शोभेला ठेवायची होती. स्मृतीनं हातात धरून पाहिली, तोल असा काही जमला की तिनं तीच खेळायला घेतली. 2013 मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्ध 19 वर्षांखालच्या सामन्यात तिनं महाराष्ट्राकडून 150 चेंडूंत नाबाद 224 केल्या, एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय मुलगी, त्या द्रविडच्याच बॅटनं. पुढं कितीही करार झाले तरी सुरुवात भावाच्या खटपटीची होती.

तेव्हा काका, कंपनीची वाट बघू नका. जिल्ह्याच्या निवड चाचण्यांची चौकशी करा, मुलीला पाठवा. माझं म्हणणं संघटनांना आहे : जिल्ह्याच्या संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलीला निवडीच्या दिवशीच स्वतःची बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज द्या, परत न मागता. 15 मुलींचा हा खर्च लिलावातल्या एका सर्वांत स्वस्त खेळाडूच्या किमतीत सहज बसतो.

आणि किरण? 2025 च्या ऑक्टोबरात नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिनं 34 चेंडूंत शतक केलं. महिलांच्या टी-20 मध्ये इतकं वेगवान शतक त्याआधी जगात कुणीच केलं नव्हतं. समोर आव्हान 111 धावांचं होतं. त्यातल्या 106 तिच्या एकटीच्या, आणि सामना आठ षटकांत संपला.